मुलांना कॅन्सर शिकवताना

प्रश्न: मी १२ ते १४ वर्षांच्या मुलांना विज्ञान शिकवते. ‘पेशींची अनियंत्रित वाढ म्हणजे कॅन्सर’ ही व्याख्या मुले चटकन पाठ करतात, परंतु त्यापुढे प्रश्न विचारू लागली की काय सांगावे ते मला सुचत नाही. शिवाय वर्गातील एका विद्यार्थ्याच्या आईवर सध्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. विषयाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर: व्याख्या बरोबर आहे, पण ती आरंभीच सांगितली की मुलांच्या हाती केवळ शब्द उरतात. आपण सुरुवात निरोगी पेशीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात. त्यांतील असंख्य पेशी रोज मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. हे मुलांना स्वतःच्याच अंगावर पाहता येते. खरचटलेला गुडघा घ्या. रक्त गोठून खपली धरते, तिच्याखाली जखमेच्या कडेच्या त्वचापेशी विभागू लागतात आणि आत सरकत जातात. दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना भिडल्या की हे काम मंदावते, खपली गळून पडते आणि तिथे कातडीचा ढीग साचत नाही. येथे थांबून मुलांना विचारावे, की जखम भरल्यावर या पेशी थांबल्या कशा? बहुतेकांनी याचा कधी विचारच केलेला नसतो, आणि पुढचा सारा धडा या एका प्रश्नातून उलगडत जातो.

केव्हा विभागायचे, केव्हा थांबायचे आणि बिघाड झाल्यास केव्हा मरायचे, याच्या सूचना पेशीच्या डीएनएमध्ये असतात. हा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा असून प्रत्येक विभाजनाच्या वेळी तो पुन्हा उतरवला जातो, आणि पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर चुकावे तशा येथेही चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते आणि उरलेल्यांपैकी बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. मात्र वाढीला चालना देणारी, वाढ थांबवणारी आणि दुरुस्ती करणारी अशी अनेक जनुके एकाच पेशीच्या वंशात एकामागून एक बिघडत गेली, तर त्या पेशी थांबेनाशा होतात. पी-५३ हे १९७९ साली सापडलेले प्रथिन बिघडलेल्या पेशीला रोखते किंवा मरायला लावते. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचे जनुक बिघडलेले आढळते. आपल्या पेशीत या जनुकाची एकच जोडी असते, तर हत्तीच्या पेशीत मिळत्याजुळत्या प्रती धरून सुमारे २० जोड्या असतात. एवढा अवाढव्य आणि दीर्घायुषी प्राणी असूनही हत्तीला कॅन्सर क्वचितच होतो, त्यामागे हे एक कारण असावे असे संशोधकांना वाटते. ही माहिती मुलांना फार आवडते आणि लक्षातही राहते.

चुका साठायला वर्षे लागतात, म्हणून बहुतेक कॅन्सर उतारवयात होतात, हे येथे ओघाने सांगता येईल. मुलांना होणारे कॅन्सर, उदाहरणार्थ रक्ताचा किंवा मेंदूचा, बहुधा वाढत्या वयातील पेशींमध्ये उद्भवतात आणि ते मुलाच्या किंवा आईवडिलांच्या वागण्यामुळे होत नाहीत, हेही त्याच ओघात स्पष्ट करावे. साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यांतील फरक मात्र सावकाश समजावून द्यावा. साधी गाठ जागच्या जागी वाढते. कॅन्सरच्या पेशी आजूबाजूच्या भागात शिरतात, रक्तातून वा लसिकेतून (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवातून) दूर जातात आणि तिथे नवी गाठ तयार करतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी हाडात पोहोचल्या तरी तो स्तनाचाच कॅन्सर मानला जातो आणि उपचारही त्यानुसारच ठरतात.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. त्याच्या घरी विचारून, धड्याच्या आधी त्याला एकट्याला भेटावे, काय शिकवणार आहात ते सांगावे आणि त्या तासाला बसायचे की नाही हे त्याच्यावर सोपवावे. त्याच्या आईचे उदाहरण वर्गात कदापि देऊ नये. घरात कॅन्सर असलेल्या मुलांच्या मनात बहुधा तीन शंका असतात आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत: माझ्या हट्टामुळे किंवा भांडणामुळे हे झाले का, मला याची लागण होईल का, आणि आई मरणार का. पहिल्या दोन्हींचे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे आणि ते संपूर्ण वर्गाला उद्देशून सांगता येते. तिसऱ्या शंकेवर खोटा दिलासा देऊ नये. कॅन्सर एक नसून शंभरहून अधिक प्रकारचा आजार आहे, कित्येक रुग्ण पूर्ण बरे होतात, काही होत नाहीत, आणि एखाद्या रुग्णाविषयी त्याचे डॉक्टरच सांगू शकतात, एवढे प्रामाणिकपणे सांगितलेले मुलांना पेलते. मोठ्यांची कुजबुज त्यांना अधिक घाबरवते.

प्रश्न: माझ्या १३ वर्षांच्या मुलीने विचारले, की केमोथेरपी कॅन्सरला मारते, तर मावशीचे केस का गेले? मला उत्तर देता आले नाही.

उत्तर: आपल्या मुलीचा प्रश्न अचूक आहे. केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर आघात करतात आणि त्यांना कॅन्सरची पेशी नेमकी ओळखता येत नाही. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांतील मगजात, निरोगी पेशीही भराभर विभागत असतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळ होते आणि रक्तातील, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. केसांच्या मुळातील राखीव पेशी बहुधा शाबूत राहतात, त्यामुळे उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा येऊ लागतात. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या काळात मुलीला सर्दी झाली असेल, तर तिने मावशीपासून दूर राहावे. त्याचे कारणही तिला सांगावे: मावशीचा आजार तिला होईल म्हणून नव्हे, तर तिची सर्दी मावशीला महागात पडेल म्हणून.

प्रश्न: तंबाखूचे दुष्परिणाम शिकवताना, ज्यांच्या घरी कोणी धूम्रपान करते ती मुले अस्वस्थ होतात. काय करावे?

उत्तर: धोका आणि खात्री यांतील फरक आधी शिकवावा. धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही आणि न करणाऱ्यालाही तो होऊ शकतो. तरीही तंबाखूमुळे धोका अनेक पटींनी वाढतो आणि सोडल्यावर तो वर्षागणिक कमी होत जातो. इतिहासातून शिकवल्यास बोट कोणाच्या घराकडे जात नाही. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने असे दाखवून दिले, की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कॅन्सर काजळीमुळे होतो. ही कामे करणारी मुले आपल्या विद्यार्थ्यांहूनही लहान असत. फुप्फुसाचा कॅन्सर आणि धूम्रपान यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली मांडला. एचपीव्ही विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो, या शोधासाठी हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. त्या विषाणूवरील लस २००६ पासून उपलब्ध आहे आणि जागतिक आरोग्य संघटना ती प्रामुख्याने ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देण्याची शिफारस करते. इतक्या लवकर का, असे मुले हमखास विचारतात. विषाणू शरीरात येण्यापूर्वी दिली तर ती सर्वाधिक परिणामकारक ठरते, हे उत्तर त्यांना लगेच पटते.