वर्मेंतीनो दी गाल्लुरासोबत काय खावं?

मेहुण्यांनी सार्डिनियाहून आणलेली वर्मेंतीनो दी गाल्लुरा या पांढऱ्या वाइनची बाटली उघडायची आहे, घरात सगळे मासे खाणारे, तर सोबत काय करू आणि वाइन किती गार करू, असं तुम्ही विचारलंय. आधी मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. माणसाला पारख आहे.

गाल्लुरा म्हणजे सार्डिनिया या इटलीच्या बेटाचा ईशान्य कोपरा. कामानिमित्त मी तिथे ओल्बियात एक उन्हाळा काढलाय. जिकडे बघावं तिकडे ग्रॅनाइटचे धोंडे, मधे त्याच दगडाची झिजून झालेली भुसभुशीत माती, आणि वायव्येचा माएस्त्राले वारा सुटला की वाळत घातलेले कपडे शेजाऱ्याच्या अंगणात शोधायचे. वर्मेंतीनो द्राक्ष बेटावर इतरत्रही होतं, पण डीओसीजी हा इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा सार्डिनियात फक्त गाल्लुराच्या वर्मेंतीनोला आहे, १९९६ पासून. लेबलावर ‘सुपेरिओरे’ असेल तर अल्कोहोल किमान १३ टक्के.

पहिल्या घोटात लिंबाची साल, रानझुडपांचा वास, जरासा खारटपणा आणि शेवटी कडू बदामासारखी कडसर चव लागेल. वाइन खराब झालीय असं समजून ओतून देऊ नका, ती तशीच असते. या कडसरपणाला तेल, मीठ आणि समुद्र लागतो.

आमच्या घरमालकीणबाई तिच्यासोबत फ्रेगोला करायच्या. रव्याचे साबुदाण्याएवढे गोळे, भट्टीत खमंग भाजलेले. कढईत ऑलिव्ह तेल, लसूण, त्यात तिसऱ्या. शिंपले उघडून जे पाणी सुटतं त्यातच फ्रेगोला शिजायचा. मीठ त्या घालायच्याच नाहीत. दुसरी गोष्ट बोत्तार्गा, म्हणजे चक्क आपली गाबोळी! बोय माशाची, मीठ लावून, दाबून, वाळवून कडक केलेली. ती पास्त्यावर किसायची किंवा पातळ काप करून पाने कारासाऊ या खाकऱ्यासारख्या भाकरीवर तेल सोडून खायची. मासे नको असतील त्या दिवशी त्सुप्पा गाल्लुरेझे. नाव सूपचं, पण पदार्थ म्हणजे शिळा पाव आणि चीज मटणाच्या पाण्यात भिजवून भट्टीत भाजलेले थर. त्यासोबतही ही वाइन छान जाते.

तुमच्या स्वयंपाकघरात म्हणाल तर तिसऱ्या फक्त लसूण-कोथिंबिरीवर परता. रवा लावून तळलेले बोंबील किंवा मांदेली, वर लिंबू. कोळंबी लोण्यापेक्षा तेलात करा. मालवणी कालवण आणि लाल मसाल्याची सुरमई मात्र त्या दिवशी राहू द्या, कारण अल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं आणि वाइनचा वास कुठल्या कुठे जातो. हे मी स्वतः हौसेने करून बघितलंय. पाहुण्यांनी शेवटी ताक मागितलं.

गार किती? दहा-बारा अंश. घरचा फ्रिज यापेक्षा बराच थंड असतो, म्हणून बाटली जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. बर्फ घालू नका. साधी वर्मेंतीनो तरुणपणीच चांगली लागते, तेव्हा दिवाळीपर्यंत जपून ठेवू वगैरे नको. उरलीच तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गोडाबरोबर अजिबात घेऊ नका. खिरीसमोर ती नुसती आंबट लागेल.