वाचक विचारतात: जेलमधून निवडून आलेला नेता

प्रश्न: जॉर्ज फर्नांडिस ७७ साली जेलमध्ये असतानाच मुजफ्फरपूरमधून निवडून आले, हे बाबा अजून सांगतात, तेव्हा ते इथे युनियनमध्ये होते. आफ्रिकेत असाच एकजण जेलमधून जिंकून थेट सरकारचा प्रमुख झाला म्हणे, तो कोण? आणि पुढे लोकांनी त्याचाच पुतळा का पाडला?
एक वाचक, लालबाग

उत्तर: ते घानाचे क्वामे एन्क्रुमा. तेव्हा देशाचं नाव गोल्ड कोस्ट, राज्य इंग्रजांचं. जे. बी. डांक्वा वगैरे वकील मंडळींनी पक्ष काढला आणि १९४७ मध्ये एन्क्रुमांना लंडनहून सेक्रेटरी म्हणून बोलावून घेतलं. वकिलांचं म्हणणं स्वराज्य शक्य तितक्या लवकर, यांचं म्हणणं आत्ताच, त्यामुळे १९४९ मध्ये ते फुटले आणि स्वतःचा पक्ष काढला. १९५० च्या जानेवारीत गांधीजींच्या वाटेने संप आणि बहिष्कार सुरू केला, इंग्रजांनी उचलून आत टाकलं. जेलमध्ये कागद मिळेना तर हा माणूस टॉयलेट पेपरवर पेन्सिलच्या तुकड्याने पक्षाला निरोप लिहायचा आणि ते चोरून बाहेर जायचे. सुटून आलेले कार्यकर्ते तर टोपीवर ‘पी.जी.’ लिहून मिरवायचे, म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट! फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत अक्रामधून त्यांना २३,१२२ पैकी २२,७८० मतं पडली. मग गव्हर्नर काय करणार, सोडलं आणि सरकार चालवायला बोलावलं. १९५२ ला पंतप्रधान, ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र, १९६० ला राष्ट्राध्यक्ष.

आता पुतळ्याचं. बरेच लोक म्हणतात कोकोचे भाव पडले म्हणून सत्ता गेली, आणि ते खोटं नाही, देशाची कमाईच कोकोवर, १९६५ पर्यंत भाव कोसळले, बाजारात साध्या वस्तू मिळेनात. पण मला विचाराल तर घसरण १९५८ लाच सुरू झाली. त्या वर्षी त्यांनी कायदा केला, सरकारला वाटलं तर कुणालाही खटला न चालवता पाच वर्षं आत ठेवता येईल, वर कोर्टात अपील नाही. आणीबाणीत मिसात, म्हणजे आपल्याकडच्या विनाखटला अटकेच्या कायद्यात, घरचं माणूस आत गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. १९६४ मध्ये एकच पक्ष ठेवायचा की नाही यावर जनमत घेतलं तर जवळपास शंभर टक्के ‘हो’! असे आकडे आले की समजायचं, लोक बोलायला घाबरतात. मग नाराजी दाखवायला रस्ता उरला कुठे? तो लष्कराने काढला. २४ फेब्रुवारी १९६६ ला एन्क्रुमा चीनमध्ये असताना बंड झालं आणि अक्रात लोक नाचले, पुतळा पाडला. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी अकोसोम्बोच्या मोठ्या धरणाचं उद्घाटन केलं होतं, कामाचा माणूस होता यात वादच नाही. पुढे गिनीत आसरा मिळाला, १९७२ मध्ये बुखारेस्टला वारले, परत देशात पाय ठेवता आला नाही.

मला त्यांच्याबद्दल खूप आदर आहे, पण डांक्वांचं काही केल्या पचत नाही. १९४८ मध्ये इंग्रजांनी या दोघांना एकत्रच अटक केली होती, आणि तेच डांक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये स्वतंत्र घानाच्या न्सावाम तुरुंगात, खटला न चालता, एन्क्रुमांच्या कायद्याखाली वारले.