जुन्या विंडो एसीने कॉम्प्युटर थंड करायचाय? कोकणात आधी दवाचा हिशोब करा

तुम्ही विचारलंय की दीड टनाचा जुना विंडो एसी पडवीत पडून आहे, अजून गार करतो, त्याची कॉइल पाण्यात बुडवून ते पाणी प्रोसेसरवरून फिरवलं तर ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, उणे तापमान मिळेल का, आणि राहता अलिबागला. मी रत्नागिरीचा. हेच एक टनाच्या एसीवर केलंय, दोन पावसाळे चालवलंय, त्यात एक मदरबोर्ड गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होतं, त्यात शंका नको. एक टन म्हणजे साधारण ३,५०० वॉट उष्णता ओढायची ताकद, तुमचा दीड टनाचा म्हणजे ५,२०० च्या आसपास, जुना आहे म्हणून थोडी कमी धरा. आता समोर उष्णता किती आहे बघा, इंटेलचा आय९ १४९००के प्रोसेसर कंपनीच्या मर्यादेत २५३ वॉट, आरटीएक्स ४०९० सारखं ग्राफिक्स कार्ड ४५० वॉट, दोन्ही एकदम पूर्ण जोर लावून चालले तरी ७०० वॉट. म्हणजे ताकदीची अडचण नाहीच, उलट ती जास्त आहे हीच अडचण होते, ते पुढे सांगतो.

आणि ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कुठल्याही बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बघा, मोठी टाकी, त्यात मिठाचं पाणी, त्यात अमोनियाच्या कॉइल, मिठामुळे ते पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडले की लाद्या तयार. मी पहिल्यांदा ते नीट समजून घेतलं ते आमच्या इथल्या कारखान्यात मशीन बघणाऱ्या एका मामांकडून, आणि मग माझं डोकं चाललं की लादीच्या जागी प्रोसेसर ठेवायचा. फक्त मीठ घालू नका, तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही खाऊन टाकेल, गाडीचा कूलंट घाला, त्यात ग्लायकॉलही असतं आणि गंज रोखणारं औषधही. तो विषारी असतो आणि चवीला गोड, त्यामुळे मुलं-मांजरं जातील अशा जागी उघडा ठेवू नका.

आता खरी गोष्ट, दव. गार कोकम सरबताचा ग्लास ओटीवर ठेवला की दोन मिनिटांत बाहेरून पाणी सुटतं आणि खाली चकती उमटते, तेच तुमच्या मदरबोर्डवर होणार. सोपा हिशोब असा की १०० मधून हवेतला दमटपणा वजा करा, उरेल त्याला ५ ने भागा आणि ते तापमानातून वजा करा, आला तो दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली वस्तूवर पाणी सुटतं ते तापमान, दमटपणा ५० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तर बऱ्यापैकी जवळ येतं. जूनमध्ये आगोटीला हवा ३० डिग्री आणि दमटपणा ८० टक्के, म्हणजे २६. म्हणजे २६ डिग्रीपेक्षा गार असलेली प्रत्येक वस्तू घामेजणार! इंटरनेटवर जे लोक ५ डिग्री पाणी फिरवताना दिसतात ते बहुतेक कोरड्या हवेतले असतात. आपल्याला उघड्या खोलीत दवाच्या वर राहायचं तर पाणी २७-२८ च्या खाली न्यायचंच नाही, मग एवढा खटाटोप कशाला?

माझा बोर्ड असाच गेला. सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, भोवती पुढून काळा नायट्राईल रबर लावला होता, एसीच्या पाइपवर असतो तोच, फटी बुजवल्या, सगळं छान कोरडं दिसत होतं. मागची बाजू सोडली. गारवा सॉकेटमधून आरपार मागे जातो आणि तिथे दव धरत होतं, मला दिसत नव्हतं. नुसतं दव असतं तर कदाचित निभावलं असतं पण आपली हवा खारी, बोर्डवर जी धूळ बसते तिच्यात मीठ असतं, त्याच्यावर पाणी पडलं की वीज वाहायला रस्ता मिळतो. तीन आठवड्यांनी एका सकाळी मशीन चालूच झालं नाही, बोर्ड काढला तर सॉकेटच्या मागे हिरवं चढलेलं. फार वाईट वाटलं मला, पैसे साठवून घेतला होता तो.

म्हणून दुसऱ्या वेळी उलटा विचार केला. पाणी किती गार करू हे नंतर, आधी खोलीचा दवबिंदू खाली कसा आणू. बंद खोलीत चालू एसी हवा कोरडी करतोच, मागच्या नळीतून पाणी गळतं ते हवेतलंच असतं. खोली २४ डिग्री आणि दमटपणा ५० टक्के झाला की दवबिंदू १३ वर येतो. मग टाकीचं पाणी १५-१६ वर ठेवलं तरी घाम नाही, रबर नाही, दव अडवायला सॉकेटमध्ये भरायचं व्हॅसलीन नाही. उन्हाळ्यात ३३ डिग्रीच्या खोलीत साध्या वॉटर कूलिंगचं पाणी ४० च्या घरात जातं, म्हणजे जवळजवळ २४-२५ डिग्रीचा फरक, आणि पाणी जेवढं उतरतं साधारण तेवढाच प्रोसेसर उतरतो. मी आता इथेच थांबलोय आणि मला पुरतं. पण याला दोन एसी लागतात, एक खोलीला, एक टाकीला. तुमच्याकडे तो एकच असेल तर मनापासून सांगतो, तो जसा आहे तसा खिडकीत बसवा, दारंखिडक्यांच्या फटी बुजवा आणि कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगला चांगला रेडिएटर (पाण्याची उष्णता हवेत सोडणारी जाळी) लावा. पाणी ३०-३१ वर राहील आणि काहीही जळणार नाही.

एसीची गार हवा पाइपने थेट कॅबिनेटमध्ये सोडायचा विचार असेल तर नको. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत ठीक, तो थांबला की बाहेरची दमट हवा गार झालेल्या पत्र्यावर येते आणि आतून पाणी सुटतं.

टाकीचं करायचंच असेल तर आधी एसीची प्लेट वाचा. आर-२२ असेल तर जुना, ओझोनला घातक म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली हळूहळू बंद होत आलेला गॅस, हवेत सोडू नका. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो, या दोघांना घरी हात लावू नका. इन्व्हर्टर एसी पण नको, त्याचा बोर्ड असल्या वापराला दाद देत नाही. उघडण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर एसीवाल्याकडूनच डिस्चार्ज करून घ्या, प्लग काढल्यावरही तो जोरात झटका देतो. तांब्याची एकही नळी कापायची नाही, पुढची कॉइल हळूहळू वाकवत टाकीपर्यंत न्यायची, घाई केली की नळी दबते नाहीतर चिरते आणि मग सगळं संपलं. आपल्याकडच्या जुन्या कॉइल खाऱ्या हवेने आधीच कुरतडलेल्या असतात, त्यामुळे आधी धुऊन नीट बघा. विंडो एसीत एकाच मोटरच्या दोन टोकांना दोन पंखे असतात, आतला ब्लोअर काढा, मागचा ठेवा, आणि ती मागची बाजू खोलीच्या बाहेरच राहिली पाहिजे.

टाकी म्हणून मासळीची ५० लिटरची आइसबॉक्स घ्या, बंदरावर मिळते, जाड फोम असतो. लहान बादली का नको ते आकड्यात बघा. ५०० वॉटने ५० लिटर पाणी एक डिग्री तापायला सात मिनिटं लागतात, ५ लिटर पाऊण मिनिटातच तापतं. तापमान बघून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा कंट्रोलर दोन डिग्रीच्या फरकावर लावला की माझा एक टनाचा कॉम्प्रेसर दोन-सव्वादोन मिनिटं चालतो आणि चौदा मिनिटं आराम करतो. बादलीत तो दर दीड-दोन मिनिटांनी चालू होईल आणि मरेल, कारण थांबल्यावर दोन्हीकडचं गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तीनेक मिनिटं तरी द्यावी लागतात. एसीचा स्वतःचा थर्मोस्टॅट १६ च्या खाली जात नाही, म्हणून एसटीसी-१००० सारखा डिजिटल कंट्रोलर लावा, पण त्याचा रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, कॉम्प्रेसरचा स्टार्टिंग करंट झेलत नाही, मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा स्विच, हवाच. आणि आपल्याकडच्या व्होल्टेजला स्टॅबिलायझर.

उणे तापमानाचं विचारलंत. एसीचा कॉम्प्रेसर कॉइल ५-७ डिग्रीला असेल या हिशोबाने बनवलेला असतो, आणि परत येणाऱ्या गार गॅसनेच तो स्वतः थंड राहतो. टाकी उणे १५ ला नेली की तो गॅस विरळ होतो, ताकद झपाट्याने पडते आणि कॉम्प्रेसर तापतो. विक्रम करणारे लोक उणे १९६ डिग्रीचा द्रव नायट्रोजन ओततात, तेही थोड्या वेळापुरता आणि बोर्ड दोन्ही बाजूंनी सील करून. रोजच्या मशीनला ते नाही.

एक राहिलं, लाइट जाण्याचं. लाइट गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो, प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी अडकतं, प्रोसेसरची ऊब संपते, खोलीचा एसी पण बंद, आणि अशा वेळी आपण पहिलं काय करतो तर खिडकी उघडतो. उघडू नका! अर्धा तास तरी खोली बंद ठेवा. रोज बंद करताना पण कॉम्प्युटर आणि पंप आधी, खोलीचा एसी अर्ध्या तासाने सगळ्यात शेवटी.

प्लेटवर गॅस कुठला लिहिलाय आणि खोली केवढी आहे ते कळवा, म्हणजे तुमच्या एसीचं पुढचं सांगता येईल. शंभर-दोनशे रुपयांचा दमटपणा मोजायचा मीटर मात्र आजच मागवा.