दुर्लक्षित पिकांचे वाण सुधारायला जनुकीय तंत्राचा खरंच उपयोग होतो का?

हो, होतो, मुख्य म्हणजे वर्षं वाचतात. कोवळ्या रोपाच्या पानातून डीएनए काढला की हवं ते जनुक आलंय का, हे रोग पडायची वाट न बघता कळतं. बाजरीत हे सिद्ध झालंय: एचएचबी ६७ हा लवकर येणारा संकरित वाण केवडा रोगाला बळी पडू लागल्यावर मार्करच्या (म्हणजे हव्या जनुकाची डीएनएतली ओळखखूण) मदतीने त्याच्या जनक वाणांत रोगप्रतिकारकता आणली आणि २००५ मध्ये सुधारित वाण प्रसारित झाला. मात्र उत्पादनासारखा गुण असंख्य जनुकांवर ठरतो. तिथे निरनिराळ्या शेतांतली, हंगामांतली नीट मोजमापं नसतील तर डीएनएची माहिती मुकीच राहते, आणि अशा पिकांत नेमकी तीच कमी असतात. माझ्या मते पैसा आधी तिथे घालायला हवा.