भिंत घाला, पण छताला टेकवू नका

प्रश्न : आमची बैठकीची खोली 20 फूट लांब आणि 11 फूट रुंद आहे. एका टोकाला 5 फुटी खिडकी, समोरच्या टोकाला घराचं दार. दोन्ही उघडं असलं की छान वारा खेळतो. मुलीला आता स्वतःची खोली हवी आहे. मध्ये आडवी विटांची भिंत घालून खिडकीकडचा भाग तिला द्यावा म्हणतो. आवाज जाऊ नये म्हणून भिंत छतापर्यंत नेणार आहोत. हवा कमी पडेल का?

उत्तर : खिडकीकडचा भाग मुलीला देताय, हे फार चांगलं. दार लावून सात-आठ तास जिथे झोपायचं, खिडकी तिथेच हवी. पण भिंत छतापर्यंत नेऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

खिडकीतून वारा आत यायचा, तर त्याला बाहेर पडायलाही वाट लागते. आज ती वाट म्हणजे तुमचं दार. भिंत बंद केलीत की खिडकी सताड उघडी असूनही पडदा हलणार नाही. सासूबाईंची खोली मी अशीच वरपर्यंत बंद करून घेतली होती. ओलसर दिवस आले आणि कपाट पुढे ओढलं, तर मागे भिंतभर करडे ठिपके, आतल्या लुगड्यांना कुबट वास. त्या बिचाऱ्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. शेवटी भिंतीचा वरचा फूटभर भाग काढून जाळी बसवली, तेव्हा वास गेला.

दाराखाली फट ठेवली की भागतं, असं बरेच कारागीर सांगतात. हिशोब करून बघा. 30 इंची दाराखाली पाऊण इंच फट म्हणजे साडेबावीस चौरस इंच. भिंतीच्या वर 8 फूट लांब, 1 फूट उंच जागा मोकळी सोडली तर 1152 चौरस इंच, म्हणजे पन्नासपटीहून जास्त! शिवाय गरम हवा वर चढते, तिला तिथूनच वाट मिळते. फट ठेवाच, पण तिच्या भरवशावर राहू नका.

वरच्या मोकळ्या जागेतून आवाज येणार, हे खरं आहे. तिथे काचेच्या उघडझाप करणाऱ्या झडपा लावा. अभ्यासाच्या वेळी बंद, झोपताना उघड्या.

विटांचा हट्टही सोडा. साडेचार इंची भिंतीचं वजन स्लॅबवर बरंच येतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ती उभारूच नये. लोखंडी सांगाड्यावरचं जिप्सम बोर्ड त्यामानाने खूपच हलकं असतं. सांगाड्याचे उभे खांब मात्र छतापर्यंत न्यायला सांगा, बोर्ड तेवढं खाली थांबवा. नाहीतर दार आपटलं की भिंत थरथरते.

भिंत उभारण्याआधी ठरलेल्या जागी जुनी चादर ताणून बांधा, आधी छतापर्यंत, मग वर फूटभर मोकळी सोडून. दोन्ही वेळा पेटती उदबत्ती घेऊन खिडकीपाशी उभ्या राहा आणि धूर कुठे जातो ते मुलीलाही दाखवा.