ज्या कंपनीची जाहिरात, तिच्याच ग्राफिक्स कार्डाची चाचणी: विश्वास ठेवावा का, आणि वाचकाने कळवून काही होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हार्डवेअरच्या चाचण्या देणाऱ्या एका साइटवर ज्या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं कौतुक होतं, तिचीच जाहिरात शेजारी झळकत होती. तुम्ही तसं कळवलंत, पण उत्तर आलं नाही. मग या चाचण्यांवर विश्वास ठेवायचा का, आणि वाचकाच्या सांगण्याला काही किंमत असते का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. किंमत असते, आणि पुष्कळ असते. फक्त वाचकाने नेमक्या आकड्यावर बोट ठेवायला हवं.

माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण एप्रिल 2018 मधलं, आनंदटेकचं. आनंद लाल शिंपी यांनी 1997 मध्ये सुरू केलेली ही साइट खोलात जाऊन चाचण्या करण्यासाठी नावाजलेली होती. इंटेलच्या स्पर्धक एएमडीचे रायझन 2000 मालिकेतले प्रोसेसर आले तेव्हा त्यांनी सविस्तर चाचणी छापली. त्यात काही गेम्समध्ये एएमडी इंटेलपेक्षा बरीच पुढे दिसत होती. बाकी साइट्सवर चित्र तसं नव्हतं. वाचकांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून विचारायला सुरुवात केली की हा फरक कुठून आला.

आनंदटेकने प्रश्न झटकला नाही. पुन्हा मोजमाप केलं आणि आठवडाभरात कारण शोधून सविस्तर छापलं. संगणकात वेळ मोजायला एकाहून जास्त टायमर असतात. त्यातल्या एचपीईटी नावाच्या टायमरचाच वापर करण्याची सक्ती त्यांच्या चाचणीच्या मांडणीत केलेली होती. ही सवय ओव्हरक्लॉकिंगमधून, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या छंदातून आलेली. विंडोज 8 मध्ये चालू संगणकाचा बेस क्लॉक, म्हणजे वेग ठरवणारा मूळ ठोका, बदलला तर वेळेचा हिशेब चुकायचा आणि गुण खोटे यायचे, म्हणून ओव्हरक्लॉकिंगवाले एचपीईटीवर भर द्यायचे. चाचणी घेणारे इयन कट्रेस त्याच मुशीतले. पण या टायमरकडून वेळ विचारून घेणं इंटेलच्या प्रोसेसरला फार महागात पडत होतं, एएमडीला जवळजवळ नाही. गेम तर सारखी वेळ विचारतो. त्यामुळे इंटेलचा कोअर आय7-8700के नाहक मागे पडला. टायमर मूळ सेटिंगवर ठेवल्यावर आकडे बदलले, आणि पुढच्या चाचण्या तशाच घ्यायचं त्यांनी ठरवलं.

यात जाहिरातीचा काही संबंध नव्हता. जाहिरातीकडे बोट दाखवून कुणी कितीही संताप केला असता तरी तो टायमर सापडला नसता. शेजारी ठेवलेल्या दोन आकड्यांनी तो सापडला.

दुसरं उदाहरण एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स 970 या ग्राफिक्स कार्डाचं. सप्टेंबर 2014 मध्ये ते आलं तेव्हा चाचण्यांमध्ये त्याचं भरभरून कौतुक झालं, आणि वेगाच्या दृष्टीने ते रास्तही होतं. नंतर विकत घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की 4 जीबी मेमरीतले शेवटचे 512 एमबी बाकीच्यांसारखे धावत नाहीत. जानेवारी 2015 मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं की समीक्षकांना दिलेली माहितीच चुकीची होती: आरओपी (तयार चित्र मेमरीत लिहिणारे भाग) 64 नव्हे तर 56, आणि एल2 कॅश (चिपमधली जलद मेमरी) 2 एमबी नव्हे तर 1.75 एमबी. अमेरिकेत पुढे दावा होऊन कार्डामागे 30 डॉलर भरपाई ठरली. प्रयोगशाळेत कार्ड चार दिवस असतं, ग्राहकाकडे महिनोन्‌महिने. शिवाय प्रत्येकाचा संगणक वेगळा, गेम वेगळे. म्हणून मी समीक्षेखालच्या वाचकांच्या तक्रारी समीक्षेइतक्याच लक्षपूर्वक वाचतो.

आता जाहिरातींकडे. आजकाल बहुतेक जाहिराती स्वयंचलित लिलावातून येतात. पानावर ग्राफिक्स कार्डाची चर्चा असली की ग्राफिक्स कार्डाचीच जाहिरात तिथे येणार. चाचणी लिहिणाऱ्याला ती कुणाची आहे हे अनेकदा माहीतही नसतं. तेव्हा नुसती शेजारची जाहिरात पाहून चाचणी विकली गेली असं मी म्हणणार नाही.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती कंपनीकडून चाचणीसाठी फुकट मिळणाऱ्या सॅम्पलची. डिसेंबर 2020 मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियन चॅनेलला एनव्हिडियाने कळवलं की यापुढे फाउंडर्स एडिशन (कंपनीच्या स्वतःच्या नावाची) कार्डं मिळणार नाहीत, कारण तुम्ही रे ट्रेसिंगला (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रेखाटण्याच्या तंत्राला) पुरेसं महत्त्व देत नाही. म्हणजे कंपनीला हवं ते मोजा, नाहीतर कार्ड स्वतः विकत घ्या आणि सगळ्यांच्या मागून चाचणी छापा. हे पत्र उघड होताच प्रेक्षक आणि इतर समीक्षक असे काही उठले की कंपनीने काही दिवसांतच माघार घेऊन माफी मागितली. इथेही काम केलं ते लोकांनीच.

सॅम्पलचा आणखी एक धोका आहे. दुकानात मिळणारी वस्तू चाचणीतली असेलच असं नाही. 2021 मध्ये टॉम्स हार्डवेअर या चाचण्यांच्या साइटने दाखवून दिलं की क्रुशियल कंपनीची पी2 एसएसडी (माहिती साठवायची जलद डिस्क) टीएलसी प्रकारच्या मेमरीसह आली होती आणि नंतर त्याच नावाखाली हळू चालणारी क्यूएलसी मेमरी घातली जात होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, डब्यावरचं नाव तेच. म्हणून एसएसडी घेताना जुन्या चाचणीवर विसंबू नका, अलीकडच्या खरेदीदारांनी मोजलेले आकडे बघा.

हीच टॉम्स हार्डवेअर ऑगस्ट 2018 मध्ये, एनव्हिडियाच्या आरटीएक्स 20 कार्डांच्या स्वतंत्र चाचण्या यायच्या आधीच, ‘घेऊन टाका’ असं सांगणारा लेख छापून बसली होती. वाचकांनी त्यावर सडकून टीका केली, आणि ती योग्यच होती. पण याच साइटने 2000 मध्ये इंटेलचा 1.13 गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री लिनक्स कर्नल कंपाइल करताना (लिनक्सचा गाभा त्याच्या मूळ कोडमधून तयार करताना) कोलमडतो हे दाखवलं होतं. इतरांनीही ते पडताळलं आणि इंटेलला तो प्रोसेसर बाजारातून परत घ्यावा लागला. त्यामुळे साइटच्या नावावर शिक्का मारून मी मोकळा होत नाही, प्रत्येक लेख स्वतंत्रपणे तपासतो.

आणि जाहिराती नकोतच असं म्हणणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, चाचण्या फुकट होत नाहीत. आनंदटेक 30 ऑगस्ट 2024 ला बंद पडली, 27 वर्षांनी. लिखित तंत्रपत्रकारितेची बाजारपेठ पूर्वीसारखी राहिली नाही, हे त्यांनी निरोप घेताना स्वच्छ लिहिलं. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं, आजही वाटतं. ज्या दोन-तीन साइट्सच्या चाचण्यांवर मी विसंबतो, तिथे ॲड ब्लॉकर बंद ठेवतो. आपोआप आवाज करणारे व्हिडिओ आणि मजकूर झाकणाऱ्या पट्ट्या सोसायच्या असा त्याचा अर्थ नाही. त्यांची तक्रार जरूर करा.

मराठीत मोबाइल-लॅपटॉपची समीक्षा करणाऱ्या चॅनेलवाल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम आणले आणि केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. फुकट मिळालेली वस्तू हादेखील आर्थिक संबंधच धरला जातो, आणि तो स्पष्ट सांगावा लागतो. कुणी सांगत नसेल तर खाली सरळ विचारा: फोन विकत घेतला की कंपनीने दिला?

तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा ‘तुमची चाचणी पक्षपाती आहे’ असं लिहू नका. त्याला उत्तर देता येत नाही. असं लिहा: ‘1080पीच्या आलेखात तुमची सरासरी इतरांपेक्षा बरीच कमी दिसते. रॅम 16 जीबीची एकच स्टिक होती की 8-8 च्या दोन? ड्रायव्हर आणि बायॉसची आवृत्ती कुठली?’ एका स्टिकवर मेमरी सिंगल चॅनेलमध्ये, म्हणजे दोनऐवजी एकाच मार्गाने चालते आणि बऱ्याच गेम्समध्ये सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स कमी होतात, त्यामुळे हा प्रश्न टाळणं अवघड असतं. स्वतः मोजलं असेल तर स्वतःचे आकडेही जोडा.

जाहिरातीची तक्रार वेगळ्या पत्रात पाठवा, कारण ती बघणारी माणसं बहुधा वेगळी असतात. तिच्यासोबत स्क्रीनशॉट, वेळ आणि जाहिरात कुठल्या पत्त्यावर नेते ती लिंक द्या. प्रत्येकाला वेगळी जाहिरात दिसते, त्यामुळे एवढं मिळालं तरच त्यांना ती शोधून बंद करता येते.