मध्ये देव कशाला?

सोनू,

रविवारी उपासनेहून येताना तू विचारलंस, "माणसांशी चांगलं वागलं की झालं ना पप्पा? मध्ये देव कशाला?" प्रश्न लागला, कारण तुझ्या वयात तोच मी नगरच्या आजीला विचारला होता, तुझ्यापेक्षा उद्धटपणे.

तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसत, प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस मात्र दोघंही घेत. लग्न जुळवताना ख्रिस्ती होण्यापूर्वीची जात हळूच काढली जायची, आणि काढणारेच टाळ धरून रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणायचे. मला वाटायचं, यांच्यातून देव वजा केला तर काय बिघडेल?

सर्वांत मोठी आज्ञा कोणती म्हणून विचारलं, तर येशूने दोन सांगितल्या: देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. हे तुला संडेस्कूलपासून पाठ आहे. आजीला दुसरी उपजतच जमते अशी माझी समजूत होती. पण ती पहाटे उठून प्रार्थनेत एकेक नाव घ्यायची. आजारी माणसं, परीक्षेची पोरं, आणि मागच्या गल्लीतली ती बाई, जिने आजीवर चोरीचा आळ घेतला होता. तिचं नाव आलं की आवाज कडक व्हायचा. किती महिने गेले कोण जाणे, पण त्या बाईची सून बाळंत झाली तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला आजीच गेली. "अजून आवडत नाही ती मला," म्हणाली. "पण रोज त्याच्यापुढे नाव घेते, मग दारात कशी नाही जाणार?"

हे तिने कदाचित तिच्या आईकडून घेतलं असेल. पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, हे तू आत्याकडून ऐकलंयस. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. त्यांना विणकाम शिकवलं, छापखाना शिकवला. आणि तीच बाई हिब्रू-ग्रीक शिकून, 1922 साली जाईपर्यंत, बायबल साध्या मराठीत आणत बसली होती. ते तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. यातलं देवासाठी कुठलं आणि मुलींसाठी कुठलं, ते मला वेगळं काढता येत नाही.

तुझी ती मैत्रीण देव मानत नाही आणि सगळ्यांच्या मदतीला धावते. तिच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, कबूल. येशूने सांगितलेल्या शोमरोन्याच्या गोष्टीतही वाटेत जखमी पडलेल्या माणसाला पाहून याजक वळसा घालून निघून जातो, थांबतो तो परका शोमरोनीच. मला स्वतःला मात्र न आवडणाऱ्या माणसांसाठी देव लागतो. ऑफिसातल्या एकाचं नाव मी सध्या घेतोय. आवाज अजून कडकच आहे.

पुढच्या रविवारी यायचं नसेल तर सांग. मी रुसणार नाही. थोडा रुसेन.

पप्पा